एचडी बॉक्स घेतला तरी चित्र धूसरच? आधी टीव्हीच्या मागे बघा

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. संगमनेरला घर, ४३ इंची फोरके टीव्ही नवीन घेतला, केबलवाल्याकडून जुना बॉक्स देऊन एचडी बॉक्स घेतला, महिन्याचे पैसे वाढले, तरी सासूबाई म्हणतात जुन्या टीव्हीवर याच्यापेक्षा बरं दिसायचं. चेहरे मेणाचे वाटतात, आणि संध्याकाळच्या वेळी पाच-सहा चॅनल अडकतात. केबलवाला म्हणतो टीव्ही खराब, टीव्हीवाला म्हणतो केबल खराब. मग डीटीएच घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकला केबलच्याच धंद्यात आहे, २००१ पासून, आधी पोरगा म्हणून खांबावर चढायचो, आता स्वतःचं छोटं नेटवर्क आहे. त्यामुळे थोडं केबलवाल्याच्या बाजूने बोलतोय असं वाटलं तर तेवढं सांभाळून घ्या, पण पुढे त्याच्याही चुका सांगणारच आहे.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र झालीत. चित्र धूसर दिसणं हे एक आणि चॅनल अडकणं, चौकोन-चौकोन पडणं हे दुसरं. दोन्हीची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि तुमचा केबलवाला आणि टीव्हीवाला एकमेकांकडे बोट दाखवतायत ते याच्यामुळेच, कारण एकजण एका दुखण्याबद्दल बोलतोय आणि दुसरा दुसऱ्याबद्दल.

जुन्या अ‍ॅनालॉग केबलला सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, आणखी कमी झाला की आणखी मुंग्या, म्हणजे चित्र हळूहळू खराब व्हायचं. नाशिकला ३१ मार्च २०१३ ही अ‍ॅनालॉग बंद व्हायची तारीख होती, बाकी लहान गावांत ते नंतर झालं. पण डोक्यातलं गणित अजून तेच राहिलंय, चित्र खराब म्हणजे सिग्नल कमी, लावा बूस्टर. डिजिटलला तसं नसतं. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र जसं कंपनीने पाठवलंय तसंच येतं, आणि पुरेसा नसेल तर तुटतं, अडकतं, नाहीतर काळा पडदा. सिग्नल कमी झाला म्हणून चित्र धूसर झालं, असं डिजिटलमध्ये होतच नाही. म्हणून सगळेच चॅनल कायम धूसर असतील तर खांबावर काही शोधू नका, दोष तुमच्या हॉलमध्येच आहे आणि बहुतेक फुकटात सुटेल.

आता धूसरपणाचं बघू. एक एसडी (म्हणजे साध्या दर्जाचा) चॅनल म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, मिळून ४ लाख १४ हजारांच्या आसपास. फुल एचडी चॅनल म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २० लाख ७३ हजार, म्हणजे बरोबर पाचपट. आणि तुमच्या फोरके टीव्हीच्या पडद्यावर ठिपके आहेत जवळजवळ ८३ लाख. म्हणजे एसडी चॅनल लावला की टीव्ही एका ठिपक्याचे वीस ठिपके करतो, मधली एकोणीस जागा अंदाजाने भरतो. चेहरे मेणाचे दिसतात ते याच्यामुळे. तुमचा जुना टीव्ही लहान होता, त्यात तेच चित्र दाटून बसायचं म्हणून बरं दिसायचं. सासूबाईंचं काहीही चुकलेलं नाही, त्यांना जे दिसतंय ते खरंच आहे. (केबलवर फोरके चॅनल मिळतात असं कोणी दुकानात सांगितलं असेल तर विसरा, केबलवर सगळ्यात वरचं म्हणजे १०८०आय, म्हणजे फुल एचडीच.)

मग एचडी बॉक्स घेऊनही एसडीच का दिसतंय? माझ्या अनुभवात याची तीनच कारणं वारंवार निघतात.

सगळ्यात जास्त निघणारं कारण म्हणजे पिवळी-लाल-पांढरी वायर. टीव्हीच्या मागे हात घालून बघा बॉक्समधून टीव्हीला काय जातंय. तीन रंगांच्या गोल पिना असतील तर तुमचा एचडी बॉक्स सगळं चित्र एसडी करूनच टीव्हीला देतोय, त्या पिवळ्या वायरीतून एचडी जाऊच शकत नाही. चपटी, थोडी रुंद अशी एचडीएमआयची पिन हवी. हे ऐकायला फार साधं वाटतं पण मी सांगतो, मागच्या वर्षी इथे गंगापूर रोडला एका आजोबांकडे गेलो होतो, ते दोन वर्षं एचडीचे पैसे भरत होते आणि बॉक्सच्या मागचं एचडीएमआयचं तोंड अजून कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या टोपणासकट होतं. बॉक्स बसवणाऱ्या पोराकडे त्या दिवशी जुनी तीन रंगांची वायर होती, त्याने ती लावली, चित्र आलं, पैसे घेतले, गेला. आजोबा क्रिकेटवाले, मी वायर बदलून मॅच लावली तर म्हणाले अरे हिरवळीवर गवत पण असतं होय. वायर दोनशे-तीनशेची साधी घ्या, सोन्याचा मुलामा वगैरे दीड मीटरच्या वायरीला काही कामाचा नाही, दुकानदाराला द्यायचेच असतील पैसे तर वेगळी गोष्ट.

दुसरं कारण, चॅनलचा नंबर. बॉक्स एचडी झाला म्हणून चॅनल आपोआप एचडी होत नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सगळ्यांचे एसडी आणि एचडी असे दोन वेगळे चॅनल आहेत आणि बॉक्सवर त्यांचे नंबर वेगळे असतात. घरातल्या मोठ्या माणसांच्या बोटाला जुना नंबर बसलेला असतो, ते तोच दाबतात. त्यामुळे एचडी बॉक्सवर एसडी मालिका चाललेली असते. रिमोटचं इन्फो किंवा आय लिहिलेलं बटण दाबून नावात एचडी येतंय का बघा, येत नसेल तर चॅनलच्या यादीतून एचडीवाला शोधा, आणि तो लावल्यावर ‘सबस्क्राइब केलेला नाही’ असं आलं तर तुमच्या पॅकमध्ये तो नाहीच. मराठी न्यूज चॅनल मात्र बहुतेक एसडीतच येतात, ते धूसर दिसणार, त्याला तुम्ही-मी काही करू शकत नाही. एचडी सापडले की ते फेव्हरिटला टाकून ठेवा आणि सासूबाईंना एवढंच सांगा की आता फेव्हरिटचं बटण दाबायचं, नंबर पाठ करायला लावू नका.

तिसरं, सेटिंग. बॉक्सच्या मेनूत व्हिडिओ किंवा डिस्प्ले असं काहीतरी असतं (नाव प्रत्येक बॉक्सला वेगळं), तिथे रिझोल्यूशन ५७६ वर अडकलेलं असेल तर १०८०आय करा, आणि आस्पेक्ट रेशो (चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) १६:९. मग टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटचं इन्फो दाबलं तर टीव्ही सांगतो की मला १०८०आय मिळतंय का ५७६. पण इथे एक फसवं आहे. बॉक्स १०८० वर ठेवला की तो एसडी चॅनलसुद्धा फुगवून १०८० म्हणूनच पाठवतो, टीव्हीवर आकडा १०८०च दिसणार. म्हणजे या आकड्यावरून वायर आणि बॉक्सचं सेटिंग ठीक आहे एवढंच कळतं, चॅनल एचडी आहे का ते नाही. कितीतरी जण हा आकडा दाखवून माझ्याशी भांडलेत.

टीव्हीतही दोन गोष्टी बघा. पिक्चर मोड दुकानात व्हिव्हिड किंवा डायनॅमिकवर ठेवलेला असतो, तो स्टँडर्ड नाहीतर सिनेमावर आणा आणि शार्पनेस बराच खाली घ्या. शार्पनेस वाढवला की चित्र स्पष्ट होतं हा मोठा गैरसमज आहे, तो फक्त कडांना पांढरी रेघ मारतो आणि एसडी चॅनलवर तर चेहऱ्याचा पार खरवडा करतो. दुसरं म्हणजे न्यूज चॅनलची खालची पट्टी किंवा मॅचचा स्कोअर कडेला कापला जात असेल तर टीव्ही चित्र थोडं झूम करतोय, पिक्चर साइजमध्ये स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन असं जे असेल ते लावा. आणि एचडी चॅनलला चित्र आलं पण आवाज नाही, असं झालं तर घाबरू नका, बॉक्सचं ऑडिओ सेटिंग पीसीएम करा, बहुतेक येतो.

एचडीएमआय लावताना एक काळजी घ्या, आणि हे मी स्वतः नुकसान भरून शिकलोय. बॉक्स आणि टीव्ही दोन्ही बटण बंद करून प्लग काढा, केबलची गोल पिनही बॉक्सच्या मागून काढा, मग एचडीएमआय लावा, मग केबल, मग लाइट. केबलच्या बाहेरच्या जाळीतून कुठल्या कुठल्या घरांचा थोडा थोडा करंट आलेला असतो, अर्थिंग नीट नसलेल्या घरात तर हाताला झिणझिण्या येतात. २०१६ च्या सुमारास एका डॉक्टरांच्या घरी मी घाईत चालू टीव्हीला एचडीएमआय लावली, चटकन ठिणगी, टीव्हीचं ते तोंड गेलं. दुसऱ्या तोंडावर टीव्ही चालला म्हणून निभावलं, तरी दुरुस्तीचे पैसे मीच दिले.

आता दुसरं दुखणं, संध्याकाळचं अडकणं. हा मात्र सिग्नलचाच प्रकार आहे, आणि इथे मी लांबून ठाम सांगू शकत नाही कारण तुमच्या घरापर्यंत वायर कशी आली त्यावर सगळं अवलंबून आहे. पण तुम्ही लिहिलंय की खांबावरून वायर गच्चीवर, गच्चीवरून जिन्यात, जिन्यात चार तोंडांचा स्प्लिटर (एका वायरीचा सिग्नल वाटून देणारा डबा), त्यातली दोन तोंडं वापरात, एक हॉलला आणि एक वरच्या खोलीला. तो स्प्लिटर माझ्या डोळ्यात खुपतोय. चार तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला सात-आठ डीबी (डीबी म्हणजे सिग्नल मापायचं एकक) खातो, मग बाकीची तोंडं तुम्ही वापरा नाहीतर नका वापरू. दोन तोंडांचा साडेतीन-चार खातो. म्हणजे नुसता स्प्लिटर बदलला की चार डीबी परत मिळतात, बूस्टर न लावता. शिवाय ती दोन उघडी तोंडं बाहेरचा कचरा आत घेतात.

पाच-सहाच चॅनल का अडकतात, सगळे का नाही? केबलमध्ये चॅनल एकेकटे येत नाहीत. ८ मेगाहर्ट्झचा एक खण, त्यात साधारण ३८ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ३८ मेगाबिट) माल मावतो, त्यात सात-आठ-दहा एसडी किंवा चार-पाच एचडी भरलेले असतात. एक खण बिघडला की त्यातले सगळे चॅनल एकदम बिघडतात. वायर जितकी लांब किंवा जितकी जुनी तितके वरच्या फ्रिक्वेन्सीचे खण आधी मरतात. चांगली आरजी-६ (केबल टीव्हीची नेहमीची) वायरसुद्धा १०० मीटरला वरच्या टोकाला वीसएक डीबी खाते, खालच्या टोकाला त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. म्हणून एक काम करा, दोन-तीन संध्याकाळी कागद घेऊन बसा, कुठले चॅनल अडकले त्यांचे नंबर आणि वेळ लिहा. ते सगळे एकाच खणातले निघाले तर तुमचा ऑपरेटर पाच मिनिटात सांगेल कुठली फ्रिक्वेन्सी. मला असा कागद कोणी दिला की अर्धं काम तिथेच होतं, पण लोक सांगतात ‘अहो सगळंच अडकतं’.

आणि संध्याकाळीच का? माझ्याकडे निघालेली कारणं सांगतो. एक, व्होल्टेज. गल्लीतला एम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, कोणाच्या तरी गच्चीवर त्याच्याच घरच्या लाइटवर चाललेला असतो, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो आचके देतो. त्या घरात लग्न-बिग्न असून गच्चीवरचं बटण कोणी बंद केलं की अख्खी गल्ली आपल्याला फोन करते. असं असेल तर शेजाऱ्यांचंही त्याच वेळी अडकत असणार, विचारून बघा. दोन, तुमच्याच घरातला मिक्सर, पाण्याची मोटर, फ्रीज. कनेक्टर (वायरीच्या टोकाची गोल पिन) सैल असेल तर मोटर चालू होतानाचा आवाज, म्हणजे विजेचा आवाज म्हणतोय मी, वायरीत शिरतो. मिक्सर लावा आणि कोणाला तरी टीव्हीसमोर उभं करा, चौकोन पडले की समजा घरातलाच कनेक्टर आहे, शेजाऱ्यांना विचारायचीही गरज नाही.

कनेक्टरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण माझ्या मते निम्म्या तक्रारी त्या बोटभर तुकड्यात असतात. वायर सोलली की मधोमध तांब्याच्या रंगाची जाड तार, तिच्याभोवती पांढरा फोम, वर चांदीसारखा कागद, मग जाळी. जाळी मागे दुमडायची, कनेक्टर आत सरकवायचा की पांढरा फोम बरोबर आतल्या कडेला टेकला पाहिजे, आणि मधली तार तोंडाबाहेर एखाद-दोन मिलिमीटर, जास्त नको कमी नको. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सिग्नल मेला. आमची बरीच पोरं हे दाताने सोलून, पक्कडीने दाबून करतात, दोन महिने चालतं, मग पावसाळ्यात गच्चीवरच्या जॉइंटला पाणी शिरतं, तार हिरवी पडते. तुमच्या गच्चीवर जॉइंट असेल आणि त्यावर नुसती काळी टेप गुंडाळली असेल तर तिथूनच सुरुवात करा. शक्यतो गच्चीवर जॉइंटच नको, अखंड वायर घ्या.

ऑपरेटरला बोलावताना ‘सिग्नल चेक करा’ एवढंच म्हणू नका. म्हणा, मीटर घेऊन या आणि हॉलमधल्या बॉक्सच्या मागची वायर काढून तिथे माप दाखवा. खांबावर माप चांगलंच येतं हो, भांडण तिथलं नाही. मी स्वतः बॉक्सपाशी ५५ ते ६५ डीबी मायक्रोव्होल्ट (सिग्नलची ताकद) ठेवतो आणि एमईआर म्हणून जो आकडा असतो (सिग्नल किती स्वच्छ ते सांगणारा) तो तिशीच्या वर हवाच, आणखी वर असेल तर उत्तम. सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या फ्रिक्वेन्सीला दोन्हीकडे मापायला सांगा. खालचं मस्त आणि वरचं पडलेलं असेल तर वायर बदलायची, वाद नको. बॉक्सच्या मेनूतही स्ट्रेंग्थ आणि क्वालिटीच्या पट्ट्या दिसतात, त्या प्रत्येक बॉक्सला वेगळ्या, पण स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर आतला सिग्नल घाण आहे. अशा वेळी बाजारातला तीनशे रुपयाचा बूस्टर लावला तर घाणही वाढते. बूस्टर आधी स्वच्छ सिग्नल मिळतो तिथे लावायचा असतो, बॉक्सच्या शेजारी टीव्हीच्या टेबलावर नाही. आणि सिग्नल जास्त झाला तरी बॉक्स गुदमरतो आणि तसेच चौकोन पडतात, हे तर बऱ्याच लाइनमनलाही माहीत नसतं.

पैशांचं थोडक्यात. बिलात तीन गोष्टी असतात, नेटवर्कची फी म्हणजे एनसीएफ, चॅनलचे किंवा पॅकचे पैसे, आणि वर १८ टक्के जीएसटी. आधी ट्रायने (टीव्ही-फोनचे नियम करणारी सरकारी संस्था) एनसीएफला १३० रुपयांची मर्यादा घातली होती, जुलै २०२४ च्या आदेशाने ती काढली, त्यामुळे शेजारच्या गावात किती घेतात त्यावरून भांडू नका, तुमच्या ऑपरेटरकडून चॅनलची छापील यादी मागा. त्यात एकच चॅनल एसडी आणि एचडी दोन्ही सुट्टे लागलेत का बघा, पोर्टलवर टिक करताना असं बऱ्याचदा होतं, मग एकाच मालिकेचे दोनदा पैसे जातात. एसडीवाले काढायला सांगा. म्हणजे सासूबाईंच्या जुन्या नंबरावर काही दिसणारच नाही, आपोआप सवय लागेल, पहिले चार दिवस घरात शांतता कमी असेल तेवढी.

राहिलं डीटीएच. वायर आणि पिन तीच ठेवून, तीच तीन रंगांची वायर लावून डीटीएच घेतलं तर चित्र तेवढंच धूसर दिसणार, म्हणून आधी पहिलं दुखणं बरं करा. अडकण्यासाठी म्हणाल तर, ऑपरेटर दोन-तीन वेळा सांगूनही मीटर घेऊन येतच नसेल, किंवा गल्लीची मुख्य वायरच कुजलेली असून तो बदलत नसेल, तर घ्या डीटीएच, मीही तेच करेन. गच्चीवरून दक्षिण-आग्नेयेकडे मोकळं आकाश हवं, झाड वाढतंय का तेही बघा. जोराच्या पावसात डीटीएच थोडा वेळ जाणारच, संगमनेरला कोकणाएवढा त्रास नाही. आणि तुमचा आत्ताचा एचडी बॉक्स तिथे चालणार नाही, एकाचा बॉक्स दुसऱ्याला लागत नाही, ते पैसे गेले समजा.

तर आज रात्री फक्त दोन गोष्टी करा. टीव्हीच्या मागचा आणि जिन्यातल्या स्प्लिटरचा असे दोन फोटो काढून इथे टाका, आणि मिक्सर लावून काय झालं ते लिहा. बॉक्सच्या पाठीवरचा नंबर आणि स्टिकर फोटोत येऊ देऊ नका, त्यावर बोट ठेवून काढा. बाकी उद्या बघतो, सकाळी दुकानावर गर्दी असते, दुपारनंतर उत्तर देईन.